शितावरून भात : शाळेतील सांख्यिकी पाहणी आणि प्रमाणाचा प्रश्न

सांख्यिकी पाहणी म्हणजे एक प्रश्न ठरवायचा, त्याचे उत्तर देऊ शकेल अशी माहिती शिस्तीने गोळा करायची, ती मांडायची आणि तीवरून जेवढे म्हणता येते तेवढेच म्हणायचे. शाळेच्या गणितात सांख्यिकी येते ती बहुधा यातल्या तिसऱ्या कामापुरती. नववी-दहावीच्या पुस्तकात सामग्री तयार असते. विद्यार्थी ताळ्याच्या खुणा करतो, वारंवारता सारणी बनवतो, मध्य, मध्यक, बहुलक काढतो, आयतालेख आखतो. उदाहरणातल्या चाळीस मुलांची उंची कोणी मोजली आणि तीच चाळीस मुले का निवडली, हे विचारण्याची वेळ त्याच्यावर येत नाही. स्वतः पाहणी करायला निघाल्यावर मात्र हे प्रश्न सर्वांत आधी पुढे येतात, आणि ते बेरीज-भागाकाराने सुटत नाहीत. थोडे पाहून सगळ्यांविषयी बोलण्याचा अधिकार कशाने मिळतो, हा प्रमाणाचा प्रश्न आहे. ज्यांना मोजले त्यांचे मोजणारा काय देणे लागतो, हा धर्माचा प्रश्न आहे. भारतीय दर्शनांनी ज्ञानाच्या साधनांचा जो बारकाईने विचार केला, तो या ठिकाणी शाळेतल्या मुलांच्याही उपयोगी पडतो.

पाहणी शिकवण्याची आजची रूढ मांडणी पाच टप्प्यांची आहे: प्रश्न, आराखडा, सामग्री, विश्लेषण आणि निष्कर्ष. क्रिस वाइल्ड आणि मॅक्सीन फॅनकुख या न्यूझीलंडच्या अभ्यासकांनी १९९९ मध्ये सांख्यिकी विचाराचे जे विवेचन केले, त्यात हे टप्पे एका चक्राच्या रूपात येतात, कारण निष्कर्षातून पुढचा प्रश्न निघतो. पुढील विवेचन त्याच क्रमाने जाते. उदाहरणे यवतमाळ जिल्ह्याची घेतली आहेत. सोळा तालुक्यांच्या, २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे २७.७२ लाख लोकसंख्येच्या या जिल्ह्यात कपाशी, सोयाबीन आणि तूर ही पिके आहेत. एकाच ग्रामपंचायतीत गावठाण, बंजारा तांडा आणि कोलाम आदिवासींचे पोड, म्हणजे वस्ती, असू शकते. कापसाचा भाव, पावसाचे मिलिमीटर आणि पैसेवारी, म्हणजे पिकाचा सरकारी अंदाज, हे आकडे इथल्या मुलांच्या कानावर जेवतानाही पडतात.

प्रश्न आणि लक्षण

"आपल्या गावात कापूस कमी पिकतो का?" हा प्रश्न मुलांच्या तोंडी सहज येतो, कारण घरात तोच विषय असतो. पाहणीला तो जसाच्या तसा चालत नाही. कमी म्हणजे कशापेक्षा? मागच्या वर्षीपेक्षा, शेजारच्या गावापेक्षा, की पेरताना धरलेल्या आशेपेक्षा? पिकतो म्हणजे एकरी किती क्विंटल? तीन वेचे झाल्यावरचा हिशेब घ्यायचा, की फरदडीचा कापूसही धरायचा? पऱ्हाटीच्या तासांमध्ये तुरीचे तास घातले असेल, तर कपाशीखालचे क्षेत्र किती समजायचे? एवढी विचारपूस झाल्यावर प्रश्न असा होतो: "या हंगामात डिसेंबरअखेरपर्यंत गावातल्या शेतकऱ्यांना कपाशीचे एकरी किती क्विंटल उत्पन्न झाले आणि ओलिताच्या व कोरडवाहू वावरांत त्यात किती फरक पडला?" आता मोजता येईल असे काहीतरी हाती आले.

या प्रश्नात अजून एक अडचण दडलेली आहे. "शेतकरी" कोणाला म्हणायचे? न्यायदर्शनात एखाद्या वस्तूची ओळख ठरवणाऱ्या विधानाला लक्षण म्हणतात आणि लक्षणाचे तीन दोष सांगतात. तांबूस रंगाची ती गाय, असे म्हटले तर पांढऱ्या गाई वगळल्या जातात, ही अव्याप्ती. शिंगे असलेली ती गाय, असे म्हटले तर म्हशीही आत येतात, ही अतिव्याप्ती. एकाच खुराची ती गाय, असे म्हटले तर एकही गाय सापडत नाही, हा असंभव. वर्गातली मुले हे तिन्ही दोष शेतकऱ्याच्या व्याख्येवर स्वतः शोधून काढू शकतात. सातबाऱ्यावर नाव असलेला तो शेतकरी, असे ठरवले तर दुसऱ्याचे वावर ठोक्याने किंवा बटईने करणारा सुटतो, आणि वर्षभर निंदण-वेचणी करणारी घरची बाईही सुटते. तीच व्याख्या गाव सोडून नागपूरला राहणाऱ्या मालकाला मात्र आत घेते. शेतीखेरीज एक रुपयाचेही उत्पन्न नसलेला तो शेतकरी, असे म्हटले तर यादी जवळजवळ कोरी राहते.

व्याख्येचे हे काम शब्दांचा खेळ वाटू शकते. यवतमाळमध्ये तसे म्हणता येत नाही. शेतकरी आत्महत्यांनी या जिल्ह्याचे नाव देशभर गेले. १ जुलै २००६ रोजी तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी मदत जाहीर केली, त्यांत यवतमाळ होता. त्या काळापासून प्रत्येक प्रकरण जिल्हास्तरीय समितीपुढे जाते आणि शेतजमीन, कर्ज, परतफेडीचा तगादा अशा निकषांवर ते पात्र किंवा अपात्र ठरते. पात्र ठरलेल्या कुटुंबाला एक लाख रुपयांची मदत मिळते. एकूण प्रकरणांचा आकडा वेगळा, पात्र प्रकरणांचा वेगळा. दोन्ही आकडे मोजूनच आलेले असतात. फरक मोजण्यात नसतो, कोणाला मोजायचे या निर्णयात असतो. हा विषय शाळकरी मुलांनी घरोघर जाऊन विचारण्याचा मुळीच नाही. शिक्षकाने मात्र तो मनात ठेवावा, कारण व्याख्या करणे हे नैतिक कृत्य आहे याचे याहून जवळचे उदाहरण मिळणार नाही. जो व्याख्येत बसत नाही, तो पुढच्या सगळ्या सारण्यांत आणि आलेखांत नसतो, आणि तिथे तो नाही हे आलेख पाहून कळतही नाही.

नमुना : हंडी आणि तिची आच

प्रश्न ठरल्यावर आराखडा. सगळ्या गावाला विचारणे जमत नाही, म्हणून काहींना विचारायचे. मराठीत यासाठी म्हण तयार आहे: शितावरून भाताची परीक्षा. संस्कृतात याच कल्पनेला स्थालीपुलाकन्याय म्हणतात. हंडीतले एक शीत दाबून पाहिले की सगळा भात शिजला की नाही ते कळते. नमुना निवडीचे सारे तत्त्व या न्यायात आहे, आणि त्याची मर्यादाही त्यातच आहे. एक शीत बाकीच्यांची साक्ष देऊ शकते, कारण सगळ्या शितांना तेच पाणी आणि तीच आच मिळालेली असते. आच एका बाजूने लागत असेल, तर त्या बाजूचे शीत खोटी साक्ष देते. म्हणून शीत काढण्याआधी स्वयंपाक करणारी बाई भात खालीवर करते, किंवा मधून एक आणि कडेने एक अशी दोन शिते पाहते.

गावाला सगळीकडे सारखी आच लागत नाही. नदीकाठची भारी काळी जमीन आणि टेकडीलगतचे बरड यांत पाऊस सारखा पडला तरी पीक सारखे येत नाही. विहिरीचे ओलित आणि कोरडवाहू यांत तर फरक आहेच. त्यात वस्तीही विभागलेली. मुलांना मोकळे सोडले तर ती शाळेभोवतालची आणि ओळखीची घरे करतात, म्हणजे गावठाणातली. झरी जामणी, मारेगाव, केळापूर, घाटंजी या तालुक्यांत कोलामांचे पोड मुख्य गावापासून दूर, जंगलाच्या बाजूला असते. शासनाने विशेष असुरक्षित आदिवासी गट म्हणून नोंदवलेल्या महाराष्ट्रातील तीन समाजांपैकी कोलाम हा एक. जी पाहणी पोडापर्यंत चालत गेली नाही, तिला "गावात असे आहे" हे वाक्य लिहिण्याचा अधिकार नाही. ती फार तर "गावठाणात असे आहे" एवढे लिहू शकते.

यावरचा उपाय सोपा आहे आणि आठवीच्या मुलांना जमतो. समजा, गावठाणात १५०, तांड्यात ६० आणि पोडावर ३० अशी एकूण २४० घरे आहेत आणि ४० घरे करायची आहेत. प्रत्येक सहा घरांमागे एक याप्रमाणे गावठाणातली २५, तांड्यातली १० आणि पोडावरची ५ घरे घ्यायची. कोणती घरे, हे मुलांनी ठरवायचे नाही. प्रत्येक वस्तीच्या घरांचे क्रमांक चिठ्ठ्यांवर लिहून तीन डब्यांत टाकायचे आणि डोळे मिटून काढायचे. या निवडीला यादृच्छिक निवड म्हणतात. शब्दाच्या मुळाशी यदृच्छा आहे, म्हणजे आपल्या इच्छेवाचून जे समोर येते ते. गीतेत यदृच्छेने मिळालेल्यावर संतुष्ट राहणे हा ज्ञानी माणसाचा गुण सांगितला आहे. पाहणी करणाऱ्या मुलालाही तेच वळण लावावे लागते. ज्या घरी कुत्रा अंगावर येतो त्या घराची चिठ्ठी निघाली, तरी ती परत डब्यात टाकता येत नाही. आवड-नावड, ओळख आणि जात यांना निवडीत जागा उरू नये म्हणून चिठ्ठी असते.

मोठ्या पाहण्याही याच मार्गाने जातात. 'प्रथम' संस्थेची 'असर' ही शैक्षणिक पाहणी २००५ मध्ये सुरू झाली. तिच्या पद्धतीत जिल्ह्यातील ३० गावे आणि प्रत्येक गावातील २० घरे घेतात. गावाचे चार भाग करून प्रत्येक भागात मधून सुरुवात करतात आणि दर पाचवे घर घेतात. पिकांच्या बाबतीत हेच काम पीक कापणी प्रयोगांतून होते. शेतातला तुकडा नजरेने न निवडता यादृच्छिक रीतीने निवडावा, ही पद्धत भारतात १९४० च्या दशकात रुजवण्यात सातारा जिल्ह्यातील बुध गावी जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे आणि त्यांच्यासोबत विनायक गोविंद पानसे यांचा मोठा वाटा होता. कापणाऱ्याने मनाने तुकडा निवडला तर त्याची नजर भरगच्च पिकाकडे जाते आणि उत्पन्न आहे त्यापेक्षा जास्त दिसते. गावाची पैसेवारी पन्नास पैशांच्या वर जाते की खाली राहते, यावर दुष्काळी सवलती अवलंबून असतात. शीत कुठून काढले, याची चिंता म्हणून पुस्तकी राहत नाही.

पण मुळात थोड्यांवरून सगळ्यांविषयी बोलावेच का? चार्वाकांनी हा आक्षेप अनुमान या प्रमाणावरच घेतला होता. जिथे जिथे धूर तिथे तिथे अग्नी, हा नियम कोणी सगळे धूर आणि सगळे अग्नी पाहून ठरवलेला नाही. मग न पाहिलेल्या डोंगराविषयी खात्रीने कसे बोलता? आक्षेप खरा आहे आणि शिक्षकाने तो दाबू नये. मीमांसकांनी भूयोदर्शनाकडे, म्हणजे पुन्हा पुन्हा पाहण्याकडे बोट दाखवले. उदयनाचार्यांनी म्हटले की शंकेलाही सीमा आहे, रोजच्या वागण्याशी विसंगत होईल इथपर्यंत ती ताणता येत नाही. पुढच्या वर्षी पाऊस येईलच हे कोणी पाहिलेले नाही, तरी जूनमध्ये शेतकरी पेरतो. सांख्यिकीचे उत्तर या दोघांच्या जवळचे, पण अधिक नेमके आहे. ती खात्रीचा दावा सोडून देते आणि त्याऐवजी आपली चूक साधारण किती असू शकेल ते मोजून सांगते.

सामग्री : पाहिलेले आणि ऐकलेले

न्यायदर्शन चार प्रमाणे मानते: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शाळेच्या पाहणीत सामग्री यांतल्या दोन वाटांनी येते. काही माहिती मुले स्वतः मोजतात, काही दुसऱ्याच्या तोंडून ऐकतात. दोन्हींतला फरक त्यांच्या हातून अनुभवाला यावा लागतो.

स्वतः मोजण्यासाठी सोयाबीनच्या उगवणक्षमतेची तपासणी फार सोयीची आहे. पेरणीपूर्वी घरचे बियाणे तपासण्याची ही रीत शेतकऱ्यांना ठाऊक असते. गोणपाटाचा तुकडा ओला करून जमिनीवर पसरायचा. त्यावर दहा-दहाच्या दहा ओळींत शंभर दाणे मांडायचे, वरून दुसरा ओला तुकडा टाकून गुंडाळी करायची आणि सावलीत ठेवून पाणी शिंपडत राहायचे. सहा-सात दिवसांनी गुंडाळी उलगडून चांगले कोंब आलेले दाणे मोजायचे. सत्तर किंवा त्याहून अधिक उगवले, तर बियाणे नेहमीच्या प्रमाणात पेरायला योग्य. कमी उगवले, तर एकरी बियाणे वाढवायचे किंवा बदलायचे. समजा, एकाच पोत्यातले दाणे घेऊन पाच गटांनी ही तपासणी केली आणि ७८, ७१, ८३, ७४ आणि ८० असे आकडे आले. पहिल्यांदा पाहणारी मुले एकमेकांवर चुकल्याचा आरोप करतात. कोणाचे पाणी कमी पडले, कोणी दाणे मोजताना चुकले. पोते एकच असताना आकडे पाच कसे?

इथे पाहणीतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट समोर येते. कोणाची काहीही चूक नसताना आकडे हलतात. शंभर दाण्यांच्या मुठीत कधी चांगले दाणे थोडे जास्त येतात, कधी थोडे कमी. पाचही आकड्यांचा मध्य ७७.२ येतो आणि बहुतेक आकडे त्याच्या चार-पाच इकडे-तिकडे असतात; शंभराच्या नमुन्यात एवढी हालचाल स्वाभाविक आहे. हाच प्रयोग दहा-दहा दाण्यांवर केला तर कोणाचे पाच उगवतील आणि कोणाचे दहाच्या दहा. नमुना चौपट केला की ही हालचाल निम्म्यावर येते. चार्वाकाला द्यायचे उत्तर मुलांच्या हातात गोणपाटावर उमललेले असते. मात्र दाणे पोत्याच्या फक्त तोंडाशी घेतले असतील, तर दाणे वाढवूनही दोष जात नाही. थप्पीत खाली दबलेल्या पोत्यातल्या सोयाबीनचे टरफल नाजूक असल्याने ते दाणे जास्त बिघडलेले असतात. ज्याला हे माहीत आहे तो वरून, मधून आणि खालून मूठमूठ काढतो. हालचाल आणि पक्षपात हे दोन वेगळे दोष आहेत. पहिला मोजण्याची संख्या वाढवून कमी होतो, दुसरा केवळ प्रामाणिक निवडीने.

ऐकलेल्या माहितीचे शास्त्र निराळे. शब्द हे प्रमाण ठरते ते आप्ताच्या तोंडचे असेल तर. आप्त म्हणजे ज्याला वस्तुस्थिती जशी आहे तशी माहीत आहे आणि जो ती तशीच सांगू इच्छितो. या दोन अटी मुलांनी प्रत्येक प्रश्नाला लावून पाहाव्यात. "कापूस किती झाला?" याचे उत्तर कापूस विकल्याची पावती असलेल्या घरात पक्के मिळते, थोडाथोडा करून खेडा खरेदीत विकलेल्या घरात अंदाजाने मिळते. अंदाजाची खूण वहीत दिसते: पाच, दहा, पंधरा हे आकडे फार वेळा येतात आणि सात किंवा तेरा क्वचितच. दुसरी अट इच्छेची. वही घेऊन दारात आलेली मुले सरकारी कामाची तर नाहीत ना, अशी शंका घरच्यांना येते. म्हणून कोण आहोत, कशासाठी विचारतो, नाव लिहिणार नाही आणि नको असेल तर उत्तर देऊ नका, हे चार मुद्दे आधी सांगायचे. कर्ज, आजार, घरातला मृत्यू यांविषयी विचारायचे नाही. यादीत घराला क्रमांक असतो, नाव नसते.

आप्ताच्या अटींत एक अट न सांगता गृहीत असते: दोघांची भाषा एक हवी. पाठ्यपुस्तकी मराठीत लिहिलेली प्रश्नावली तांड्यावर गोरमाटी बोलणाऱ्या आजीला आणि पोडावर कोलामी बोलणाऱ्या कुटुंबाला सारखी कळत नाही. गावठाणातही "शेत" म्हणजे वावर आणि "कपाशीचे झाड" म्हणजे पऱ्हाटी. पोडावरची आणि तांड्यावरची मुले प्रश्नावली करतानाच सोबत असली की शब्द नीट बसतात. एरवी वर्गात मागे बसणारी मुले इथे सगळ्यांची गुरू होतात, कारण जे ज्ञान हवे आहे त्याची किल्ली त्यांच्याकडे असते.

मांडणी : मध्य, मध्यक, बहुलक आणि अनेकांत

सामग्री आली की सारणी आणि आलेख. हे काम पाठ्यपुस्तकाने चांगले शिकवलेले असते. पाहणीत त्याला जोडून एक प्रश्न येतो: या सगळ्यांसाठी बोलणारी एक संख्या कोणती? नऊ कुटुंबांची जमीन एकरांत अशी आहे असे समजू: २, २, २, ३, ३, ४, ५, ६, ३६. बेरीज ६३, मध्य ७. मध्यक ३. बहुलक २. तिन्ही उत्तरे बरोबर आहेत. पण मध्य ७ असला तरी नऊपैकी आठ कुटुंबांकडे सात एकरांपेक्षा कमी जमीन आहे. "सरासरी सात एकर" हे वाक्य खोटे नसूनही त्या आठ घरांपैकी एकाचेही वर्णन करत नाही. गावातल्या एकूण जमिनीला किती खत लागेल, हे काढायचे असेल तर मध्य हवा. मधल्या कुटुंबाची स्थिती सांगायची असेल तर मध्यक हवा. सर्वांत जास्त घरे कुठे आहेत, हे सांगायचे असेल तर बहुलक.

एकाच वस्तूविषयी अनेक विधाने खरी असू शकतात आणि प्रत्येक विधान एका दृष्टीपुरतेच खरे असते, हा जैन दर्शनातील अनेकांतवादाचा गाभा. त्याची बोलण्याची रीत म्हणजे स्याद्वाद. प्रत्येक विधानापुढे "स्यात्", म्हणजे एका अपेक्षेने, हे पद ठेवायचे. राष्ट्रीय नमुना पाहणी १९५० मध्ये उभी करणारे प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी १९५४ मध्ये सांख्यिकीच्या पायाविषयी लिहिताना स्याद्वादाची सप्तभंगी, म्हणजे विधानाचे सात प्रकार, घेतली. तिच्या चौथ्या भंगात, म्हणजे अवक्तव्य किंवा सांगता न येणारे या प्रकारात, त्यांना संभाव्यतेच्या कल्पनेशी नाते दिसले. जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनीही १९५७ मध्ये त्याच विषयावर लेख लिहिला. जैन आचार्य सांख्यिकी करत होते असा याचा अर्थ नव्हे. तसा दावा करणे हेही अतिव्याप्त लक्षणच होईल. साम्य बोलण्याच्या शिस्तीत आहे. अनेकांत म्हणजे कोणतेही मत चालेल असेही नव्हे. कोणत्या अपेक्षेने बोलतो ते आधी सांगा, मग त्या अपेक्षेत विधान तपासता येते. मुलांनी निष्कर्षाच्या प्रत्येक वाक्यापुढे ती अपेक्षा लिहावी: "मध्यकाच्या दृष्टीने", "गावठाणापुरते", "डिसेंबरअखेरपर्यंत". स्यात् या पदाचे हे मराठी रूप आहे.

महालनोबीस यांनी १९३३ मध्ये सुरू केलेल्या नियतकालिकाचे नाव 'संख्या' ठेवले होते. संख्या आणि सम्यक ज्ञान हे दोन्ही अर्थ त्यांना त्या एका शब्दात दिसले होते.

कारणाचा शोध आणि उपाधी

मांडणीतून दोन गोष्टी एकत्र वाढताना-घटताना दिसतात आणि मन लगेच कारणाकडे धावते. शाळेच्या हजेरीपटावरून याचे उदाहरण घेता येते. ही दुय्यम सामग्री प्रत्येक शाळेत असते. महिनावार गैरहजेरीचा आलेख काढला की कापूस वेचणीच्या महिन्यांत उंचवटा दिसू शकतो, आणि मुलींचा उंचवटा मुलांपेक्षा मोठा असू शकतो. "मुलींना शिक्षणाची गोडी नाही" असा निष्कर्ष कोणी काढला, तर त्याला न्यायदर्शनातला एक जुना धडा दाखवावा. धूर असेल तिथे अग्नी असतो, हे चालते. अग्नी असेल तिथे धूर असतो, हे चालत नाही. लाल तापलेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. धूर निघतो तो ओल्या लाकडामुळे. अग्नी आणि धूर यांच्या नात्यात लपलेल्या या ओल्या लाकडाला नैयायिक उपाधी म्हणतात. आजची सांख्यिकी ज्याला लपलेला तिसरा घटक म्हणते, तो हाच.

मुलींच्या गैरहजेरीतले ओले लाकूड शोधायला वर्ग बसतो, तेव्हा उत्तरे मुलीच देतात. आई वेचणीला गेली की धाकट्या भावंडाला सांभाळायला घरी कोणीतरी लागते. काही घरची मुलगी स्वतः वेचायला जाते, कारण मजुरी किलोवर असते. तांड्यातले कुटुंब ऊसतोडीला गेले असेल, तर मुलगा आणि मुलगी दोघेही नाहीत. आता तपासणी अशी होते: घरी लहान भावंड नसलेल्या मुलींची आणि मुलांची गैरहजेरी वेगळी काढून पाहायची. फरक तिथे मिटला, तर गोडीचा प्रश्न नव्हता. अन्वय आणि व्यतिरेक, म्हणजे कारण असताना कार्य आणि नसताना कार्याचा अभाव, असे दोन्हीकडून तपासणे ते हेच.

एकाच कारणावर बोट ठेवण्याची घाई किती महाग पडते, हे जिल्ह्याने २०१७ च्या खरिपात पाहिले. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांवर उपचार करावे लागले. चौकशीत आणि चर्चेत अनेक गोष्टी एकत्र पुढे आल्या: कीटकनाशकांची मिश्रणे, माणसाच्या उंचीएवढी वाढलेली पऱ्हाटी, जोराने फवारणारे पंप, हातमोजे आणि मुखपट्टीचा अभाव, दमट उष्ण हवा. यांतली एकच गोष्ट कारण मानली, तर बाकीच्या जशाच्या तशा राहतात. आणि दगावलेल्यानेच काळजी घेतली नाही असे म्हटले, तर पंप आणि औषध यांचा प्रश्नच उरत नाही. कारणाचे विधान कोणावर तरी भार टाकते. म्हणून ते सर्वांत शेवटी आणि सर्वांत जपून करायचे.

निष्कर्ष आणि ऋण

पाहणीचा शेवटचा टप्पा निष्कर्ष सांगण्याचा. तो कोणाला सांगायचा, यात पाहणीची नीती उतरते. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात या विचाराला जुना आधार आहे. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हस्तोद्योगाभोवती उभ्या राहणाऱ्या शिक्षणाची कल्पना मांडली आणि सेवाग्रामला नई तालीम सुरू झाली. त्याआधी जे. सी. कुमारप्पा यांनी गुजरात विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन खेडा जिल्ह्यातील मातर तालुक्याची आर्थिक पाहणी केली होती. १९३९ च्या सुमारास मध्य प्रांत व वऱ्हाडातील ग्रामोद्योगांची पाहणीही त्यांच्याच नेतृत्वाखाली झाली. यवतमाळ तेव्हा त्याच प्रांतात होते. या परंपरेत पाहणी करणारा गावाकडून माहिती घेतो आणि गावाच्या उपयोगाची होईल अशा रूपात ती परत करतो. वहीत उतरलेला प्रत्येक आकडा कोणीतरी कामाचा वेळ मोडून दिलेला असतो. भारतीय परंपरेतली ऋणाची कल्पना इथे लागू पडते.

शाळेला हे करणे कठीण नाही. २६ जानेवारीपर्यंत कपाशीचे बरेचसे वेचे झालेले असतात आणि त्या दिवशी गाव शाळेत आणि ग्रामसभेत येतेच. मुलांनी दोन आलेख आणि दहा वाक्ये मोठ्या कागदावर लिहून तिथे वाचून दाखवावीत. लोक आक्षेप घेतात, तेव्हा पाहणी तपासली जाते. कोणी म्हणतो, माझ्या बाजूच्या तीन वावरांत एकालाही विचारले नाही. मुलांनी चिठ्ठ्यांची यादी काढून दाखवावी. कोणी म्हणतो, तुम्ही तुरीचे तास वजा केले नाही. ते खरे असेल तर मुलांनी तसे कबूल करावे आणि हिशेब दुरुस्त करावा.

या तपासणीला विदर्भाच्या वाटेवरचा एक प्राचीन प्रसंग साक्षी आहे. महाभारतातल्या नलोपाख्यानात अयोध्येचा राजा ऋतुपर्ण दमयंतीच्या स्वयंवरासाठी कुंडिनपूरला निघालेला असतो. परंपरा ते कुंडिनपूर म्हणजे अमरावती जिल्ह्यात वर्धा नदीच्या काठी असलेले कौंडण्यपूर मानते. रथ हाकणारा बाहुक म्हणजे वेश पालटलेला नल. वाटेत बेहड्याच्या झाडाकडे पाहून ऋतुपर्ण पाने आणि फळे किती ते सांगतो. दोन फांद्यांवरची फळे २०९५. उशीर होत असतो, राजा घाई करतो. तरी बाहुक रथ थांबवतो, झाड तोडतो आणि फळे मोजतो. संख्या जुळते आणि मग तो ती विद्या राजाकडून शिकून घेतो. राजाचे ज्ञान खरे होते, पण बाहुकाने ते राजाचे म्हणून मानले नाही. पाहणी शिकलेल्या मुलाने आकड्याशी असेच वागायचे आहे, मग तो आकडा शासनाचा असो, वर्तमानपत्राचा असो की त्याच्या स्वतःच्या वहीतला.

अहवालाच्या शेवटच्या पानावर तीन नोंदी कराव्यात: चिठ्ठी निघालेली किती घरे बंद सापडली, कोणत्या प्रश्नाला लोकांनी सर्वांत जास्त वेळा "सांगता येत नाही" म्हटले, आणि निष्कर्ष कोणत्या वस्तीपुरता आहे. पुढच्या वर्षीचा वर्ग प्रश्न ठरवायला बसेल, तेव्हा त्याने हे पान आधी वाचायचे. तिथून पाहणीचे चक्र पुन्हा सुरू होते.